बाबांनी मागवलेलं माणूस

पाच वाजता माणूस येणार होतं आणि त्याआधी बाबांना 'नको' म्हणायला तयार करायचं होतं. बैठकीचा विषय एवढाच. पण या घरातली कुठलीही बैठक विषयावर यायला वेळ घेई, कारण चौघांनाही बैठका चालवायचं रीतसर प्रशिक्षण मिळालेलं होतं.

"आधी प्रत्येकाने एका वाक्यात सांगू या, आत्ता आपल्याला काय वाटतंय ते," धाकटी सून म्हणाली.

"मला वाटतंय की चार वाजून गेलेत," थोरला म्हणाला.

"हे वाटणं नाही, भाऊजी. ही माहिती झाली."

धाकटी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर रहिवाशांसाठी ऐकण्याची कार्यशाळा घेत असे. मोफत. त्या कार्यशाळेत ती दोन तास बोलत असे आणि लोक ऐकत.

टेबलाच्या एका बाजूला आज दोघे भाऊ शेजारी-शेजारी बसले होते. दुकानाच्या तळघरात मधोमध भिंत उठली त्यानंतर हे पहिल्यांदाच. थोरल्याचं चष्म्याचं दुकान भिंतीच्या अलीकडे, धाकट्याच्या मोटार प्रशिक्षण शाळेचं सामान पलीकडे. भिंत कोणाच्या बाजूला किती सरकली यावरून दोघांनी पुष्कळ दिवस अबोला धरला होता. आज मात्र समोर थोरली सून होती आणि चूक तिची होती, त्यामुळे भिंत तात्पुरती पडली.

"वहिनी, तुम्ही मंजूर केलंतच कसं?" धाकटा म्हणाला. "पत्ता वाचायचा ना आधी."

"पत्ता झाकलेला असतो. नियम आहे."

"नियम कोणाचा?"

थोरली चष्मा पुसू लागली. नियम तिचाच होता.

ती रहिवासी सेवा केंद्राची समन्वयक होती. या वस्तीत कोणाला शिकवायचं असेल, कोणाला शिकायचं असेल, कोणाला दवाखान्यात सोबत हवी असेल किंवा नुसतंच कोणाच्या तरी उपयोगी पडायचं असेल, तर सगळ्यांची वाट तिच्या टेबलावरून जाई. 'सोबती' ही योजना तिची लाडकी. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे आठवड्यातून एक तास एक स्वयंसेवक जाऊन बसतो, बोलतो, निघून येतो. सोमवारच्या आढाव्यात काउंटरवरचा मदतनीस आलेल्या विनंत्या वाचून दाखवी. नावं नाहीत, पत्ते नाहीत, नुसतं माणूस काय म्हणालं ते.

या सोमवारी त्याने वाचलं होतं: घरात माणसं भरपूर आहेत. सगळी चांगली आहेत, सगळी समाजाच्या कामात आहेत. संध्याकाळी कोणी घरी नसतं, असलं तर दमलेलं असतं. कोणीतरी तासभर येऊन बसलं तर बरं होईल. बोललंच पाहिजे असं नाही.

थोरलीने डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "कसली माणसं असतील ही!" ती म्हणाली होती. मग तिथल्या सगळ्यांसमोर तिने बराच वेळ सांगितलं की अशा सुशिक्षित घरांचंच खरं प्रबोधन व्हायला हवं, अशा घरातल्या एकेकाला इथे आणून बसवलं पाहिजे, आणि ही विनंती रांगेत न ठेवता सगळ्यात आधी घ्या. मदतनीसाने ती सगळ्यात आधी घेतली. मग पत्त्यावरची पट्टी काढली.

"पत्ता ऐकल्यावर मी पाणी मागितलं," थोरली आता म्हणाली. "आणखी काय करणार?"

"रद्द करायचं."

"मी रद्द करू शकत नाही. घरचं कोणीच करू शकत नाही. ज्याने सोबती मागितला त्यानेच, सोबती समोर असताना, खोलीत नातेवाईक नसताना सांगायला हवं."

"हाही तुमचाच नियम असेल."

"एक जण आला होता. म्हणाला, आईला सोबती नको, ती सहालाच झोपते. ती झोपत नव्हती. तिला खोलीत बंद करून हे बाहेर जायचे. म्हणून केला नियम."

"मग आपल्यातलंच कोणी जाऊ या सोबती म्हणून," धाकटा म्हणाला. "मी जातो. घरातल्या घरात. प्रश्न मिटला."

"नातेवाईक चालत नाही."

"तो कोणामुळे?"

"एका गृहस्थाने सासूला भेटल्याबद्दल प्रमाणपत्र मागितलं होतं."

धाकट्याने भावाकडे बघितलं. थोरल्याने मान हलवली. तळघराच्या भिंतीपेक्षा ही भिंत पक्की होती आणि हिला बांधणारी घरातलीच होती.

बाकीच्यांनी उघड बोलून दाखवली नाही अशी गोष्ट धाकटीने बोलून दाखवली. "शनिवारी सत्कार आहे. सेवाभावी कुटुंब म्हणून. चौघांचा फोटो आधीच छापायला गेलाय. आणि त्याच कुटुंबातले वडील म्हणतात, मला बाहेरून माणूस पाठवा. कसं दिसेल ते?"

"कसं दिसेल ते जाऊ दे," थोरला म्हणाला. "बाबांना काय कमी आहे, ते विचारा आधी."

"मग विचारा ना."

थोरल्याने घड्याळाकडे बघितलं. "आधी याने जावं. हा त्यांचा लाडका."

*

धाकटा बाबांच्या खोलीकडे गेला तेव्हा दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर पेशंट बसलेला होता.

पेशंट म्हणजे कमरेपर्यंतचा रबरी माणूस. धाकटा रविवारी रहिवाशांना प्रथमोपचार शिकवी, तेव्हा त्याच्या छातीवर सगळे दाब देत. तोंड कायम उघडं, कारण त्यात फुंकर मारायची असे. तळघरात भिंत झाल्यावर त्याला ठेवायला जागा उरली नाही, म्हणून तो बाबांच्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर आला आणि तिथेच राहिला. थंडीत बाबा त्याच्या खांद्यावर शाल टाकत. उघडा माणूस समोर बसलेला बरा दिसत नाही, म्हणत.

"बाबा, पेशंट बाहेर का?"

"त्याची खुर्ची लागणार आहे."

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीच्या काचेवरून ओला फडका फिरवलेला दिसत होता. पलंगावर चादर ताणून बसवलेली. धाकट्याला आपण कोणाच्या तरी दुसऱ्याच घरी आल्यासारखं वाटलं आणि तो पलंगावर बसायच्या ऐवजी उभाच राहिला.

"बाबा, मला सांगायचं ना. मी बसलो असतो तुमच्याजवळ."

"कधी?"

धाकट्याने फोन काढला. "सोमवारी शाळेतल्या मुलांना रस्ता ओलांडायचं शिकवायचं असतं. मंगळवारी हिची कार्यशाळा, तिला सोडायला जावं लागतं. बुधवारी..." त्याने बोटाने पडदा पुढे सरकवला. पुढचा आठवडा आला, तोही भरलेला. मग त्यापुढचा.

"राहू दे," बाबा म्हणाले. "माझ्याकडे दिवस आहेत. तू तुझं बघ."

धाकट्याला वाईट वाटलं. त्याने पुढे होऊन बाबांचा हात हातात घेतला. बाबांनीही त्याची बोटं जरा धरली. मग त्यांच्या लक्षात आलं की मुलाचा अंगठा मनगटाच्या आत सरकलाय आणि नजर घड्याळावर आहे.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे. जरा जलद आहे."

"पाहुणा यायचाय ना," बाबा म्हणाले आणि हात काढून घेतला.

*

धाकटी आली ती सरळ खुर्चीवर बसली, गुडघे बाबांच्या दिशेने वळवले, अंग थोडं पुढे झुकवलं आणि दोन्ही तळवे उघडे ठेवले. कार्यशाळेत याला पहिली पायरी म्हणत.

"बाबा, मला असं ऐकू येतंय की तुम्हाला एकटं वाटतंय."

"मी अजून काही बोललोच नाही."

"तेच तर. त्या न बोलण्यातूनच मला..." ती मान डोलावू लागली.

"मान दुखतेय का तुझी?"

"नाही."

"बरं."

बाबांना तिचा राग येत नसे. कोणाचाच येत नसे, आणि तो येत नाही हे घरातल्यांना फार सोयीचं पडलं होतं. ते आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. लोखंडी पेटीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं त्यांनी पुष्कळ बघितली होती. अडकलेलं माणूस फार चांगलं बोलतं. आपल्या आईबद्दल सांगतं, कामावरच्या साहेबाला नको ते बोललो म्हणून सांगतं, नाव विचारतं, मुलंबाळं विचारतं, घरी जेवायला या म्हणतं. दार उघडलं की कपडे सारखे करतं आणि मान खाली घालून निघून जातं. बाबांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. दार उघडणं हेच त्यांचं काम होतं.

सोबती मागवायचं त्यांच्या डोक्यात आलं ते थोरल्यामुळे. थोरला गेली काही वर्षं दर गुरुवारी पुलापलीकडे एका म्हाताऱ्या शिंप्याकडे सोबती म्हणून जाई. जाताना दमलेला असे. येताना शीळ घालत येई. बाबा त्या शिळेची वाट बघत बसत. एकदा त्यांनी विचारलं, "काय बोलता रे तुम्ही दोघं एवढं?" थोरला म्हणाला, "असंच, इकडचं तिकडचं," आणि आंघोळीला गेला.

बाबांनी त्यावर बरेच दिवस विचार केला. शिंपी काही जगावेगळा माणूस नसणार. थोरला तर घरातलाच, तो कसा आहे ते माहीत होतं. म्हणजे जे काही चांगलं होतं ते त्या योजनेत असणार. मग एका दुपारी ते जिन्याला धरत धरत उतरले, केंद्राच्या काउंटरवर गेले आणि आपल्यालाही एक तास मिळेल का म्हणून विचारलं. तो एक तास आज पाच वाजता येणार होता. आणि आता मुलगे-सुना एकेक करून येत होते आणि तो परत करा म्हणत होते.

"बाबा, आम्ही आहोत ना," धाकटी म्हणाली.

"आहात ना," बाबा म्हणाले. "मी तिथे तसंच सांगितलंय. सगळी चांगली आहेत म्हणून."

*

थोरली आत गेली ती मात्र ठरवून. समन्वयकाच्या आवाजात बोलायचं, तीन वाक्यांत संपवायचं. तिसरं वाक्य तिने घरी येताना जिन्यात घोकून ठेवलं होतं: तुम्ही नाही म्हणालात तर ती जागा कोणा खऱ्या गरजू माणसाला मिळेल.

"ये, सूनबाई," बाबा म्हणाले. "मी तुझीच वाट बघत होतो. तू माझं सगळ्यात आधी घेतलंस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तो काउंटरवरचा. तारीख सांगायला फोन केला होता त्याने. म्हणाला, मॅडम तुमच्याबद्दल एवढं छान बोलल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, ती आमचीच आहे. त्याला खरं वाटेना."

थोरली उभी होती तिथेच उभी राहिली.

"काय बोललीस गं?" बाबांनी विचारलं. कुतूहलाने, दुसरं काही नव्हतं त्यात. "मला पण सांग की."

ती काय बोलली होती ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तिसरं वाक्य मात्र आठवेना. ती खुर्चीवरची धूळ पुसल्यासारखं करून बाहेर आली आणि टेबलाशी येऊन बसली.

"झालं?" थोरल्याने विचारलं.

"माझ्याच्याने नाही होणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही होणार. तुम्ही जा. तुमचे वडील आहेत."

टेबलावरची मांडणी बदलली. थोरली आतापर्यंत आरोपी होती, ती आता न्यायाधीशाच्या बाजूला जाऊन बसली, आणि धाकटीने लगेच तिच्याकडे खुर्ची सरकवली.

"वहिनींचं बरोबर आहे. सगळं त्या शिंप्यामुळे झालंय. भाऊजी, तुम्ही दर गुरुवारी पूल ओलांडून जाता. बाबांच्या खोलीपर्यंत जायला तुम्हाला काय होतं?"

"तू मला शिकवू नकोस."

"कोणीतरी शिकवायला हवं."

"ए, दादाला असं बोलायचं नाही," धाकटा म्हणाला.

"का? भिंतीच्या वेळी तू काय काय बोलला होतास ते सांगू?"

भावाच्या खुर्चीला लागलेली आपली खुर्ची धाकट्याने थोडी मागे घेतली. थोरल्याच्या बाजूला आता कोणी नव्हतं.

"तिथे गेलो की बोलता येतं मला," थोरला म्हणाला. "इथे... इथे सगळं माहीत असतं एकमेकांचं. काय बोलायचं?"



"एक मार्ग आहे," धाकटी म्हणाली. "येईल त्या बाईला दारातच सांगू, हे प्रात्यक्षिक आहे. समन्वयकांच्या घरी नमुना भेट. बाबा एकट्या माणसाची भूमिका करताहेत."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. चांगली सूचना होती, आणि ती चांगली आहे याचीच तिला लाज वाटली.

दारावरची घंटी वाजली.

*

दार थोरल्याने उघडलं. बाहेर पांढऱ्या कोटावर स्वेटर चढवलेली बाई उभी होती, हातात बिस्किटांचा पुडा. दवाखान्यात क्ष-किरण काढण्याचं काम ती करी, हे थोरल्याला माहीत होतं. तिच्या घरातला चहाचा डबा कुठल्या फळीवर असतो तेही माहीत होतं.

"चष्मेवाले?" ती म्हणाली. "तुम्ही इथे?"

शिंपीकाकांची मुलगी. थोरलीने तिचं नाव यादीत वाचलं होतं, पण या घरात तिचा बाप फक्त 'शिंपीकाका' होता. त्याच्या मुलीला नाव असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"हे माझं घर," थोरला म्हणाला.

"मग आज आमच्याकडे कोण गेलंय?"

"आज जरा... बैठक होती घरात."

"अहो, कळवायचं तरी. आमच्या बाबांनी सकाळीच दाढी करून ठेवलीय. गुरुवारी तुम्ही असता म्हणूनच मी हा तास घेतला. म्हटलं, आपल्याकडे कोणी येऊन बसतं, तर आपणही कुठेतरी जावं."

धाकटी पुढे झाली. "आत या ना. एक सांगायचं होतं, हे खरं तर प्रात्यक्षिक आहे."

"असं? मग खरे आजोबा कुठे आहेत?"

"इकडे," आतून बाबांचा आवाज आला.

बाईने चौघांकडे आळीपाळीने बघितलं. मग चपलांच्या मांडणीवरच्या, तोंड उघड्या पेशंटकडे. मग पुन्हा थोरल्याकडे.

"म्हणजे लिफ्टवाले बाबा? ते आहेत?"

"म्हणजे?"

"नाही, आम्हाला वाटलं..." ती थांबली. रोज माणसांना श्वास रोखून धरा म्हणणारी ती बाई, या वेळी स्वतःचाच रोखून उभी राहिली. मग बोलून टाकलं. "माफ करा हं. तुम्ही त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोलता, की आम्ही धरून चाललो होतो, ते नाहीत आता."

ती आत गेली. दार तिने लोटलं, पण त्या दाराची चौकट फुगलेली होती. ते कधीच पूर्ण लागत नसे. गेली कित्येक वर्षं कोणीतरी ते तासून घेणार होतं. आज त्या फटीचा उपयोग झाला. चौघेही बाहेर उभे राहिले. बाबा आत्ता तिला नको म्हणतील किंवा म्हणणार नाहीत, ते ऐकायला हवं होतं. चौघांनीही स्वतःला सांगितलेलं कारण ते होतं.

"बसा," बाबा म्हणाले. "खुर्ची रिकामी केलीय."

"काका, मी आधी एक विचारू? तो केकचा किस्सा खरा आहे का?"

"कुठला?"

"तुमचा मुलगा आमच्या बाबांना सांगतो तो. महिन्यातून एकदा तरी पुन्हा सांगायला लावतात ते. एका इमारतीचे अध्यक्ष, हातात वाढदिवसाचा मोठा केक, आणि वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. खाली जिन्यावर सगळी इमारत जमलेली. आणि तुम्ही वरून ओरडून सांगितलंत, साहेब, काय वाट्टेल ते करा, पण तो केक खाऊ नका, तुमचं वजन वाढलं तर लिफ्टला झेपायचं नाही!"

ती स्वतःच हसली. "मग ते अध्यक्ष आत एवढे हसायला लागले, एवढे हसायला लागले, की गच्चीपर्यंत आवाज गेला. तुमच्या मुलाने तो आवाज काढून दाखवला की आमच्या बाबांच्या डोळ्यांतून पाणी येतं."

फटीबाहेर थोरलाही हसला. त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. शाळेला सुट्टी होती, बाबा त्याला कामावर घेऊन गेले होते. तो जिन्यावर लोकांच्या घोळक्यात उभा होता, आणि सगळे हसत होते, आणि हा माझा बाबा आहे असं त्याने शेजारच्या माणसाला सांगितलं होतं.

आत बिस्किटांचा पुडा फोडल्याचा आवाज आला.

"ते हसणं नव्हतं," मग ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रडत होता तो माणूस. मोठ्याने. बंद जागेत त्याचा जीव जायचा. मी छतावर बसलो होतो पेटीच्या, मला कळत होतं. पण अध्यक्ष ना तो. खाली सगळी बिऱ्हाडं कान देऊन उभी. उद्यापासून कोणाला तोंड दाखवणार? मग मी ते केकचं मोठ्याने बोललो. म्हणजे लोकांना वाटावं, आत हसतोय."

"आणि त्यांना तसं वाटलं?"

"लगेच. लोकांना हसायला आवडतं. आमचं पोरगं पण हसत होतं खाली. त्याला काय सांगणार? मग मी वरचं दार वीतभर सरकवलं आणि हात आत घातला. वीज येईपर्यंत त्याने तो सोडला नाही. केक तिथे खाली पडून राहिला. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला, ओळख दाखवली नाही. बरोबर आहे त्याचं."

"घरी कधी सांगितलं नाहीत हे?"

"तो होता तोवर कसं सांगणार? आता गेला तो, मागच्या थंडीत. आणि घरच्यांना ती हसण्याची गोष्ट आवडते."

दार उघडलं ते थोरल्याने. ढकललं नाही, नुसता टेकलेला होता तो आणि दार आत गेलं. त्याच्या मागे तिघांची डोकी दिसली.

"बाबा," तो म्हणाला. "हे... मला कधी..."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे.

"सूनबाई," ते म्हणाले. "तुझा नियम काय म्हणतो?"

थोरली पुढे आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपला एखादा नियम नको वाटत होता, आणि नेमका तोच तिला मोडता येईना. तिने नवऱ्याचं कोपर धरलं.

"चला. बाहेर."

"अगं, एक मिनिट, मला फक्त..."

"सोबती असताना नातेवाईकांना परवानगी नाही. चला म्हणते ना."

या वेळी तिने दार खांद्याने रेटून, फुगलेल्या चौकटीत घट्ट बसवलं. ते पहिल्यांदाच पूर्ण लागलं. वेळ लागला, पण लागलं.

बाहेर थोरल्याने पेशंटला उचलून भिंतीशी ठेवलं आणि मांडणीवरचे बूट काढले.

"कुठे निघालास?" धाकट्याने विचारलं.

"शिंपीकाकांकडे. दाढी करून बसलेत ते."

"आणि बाबांशी बोलणार कधी?"

थोरला एक बूट चढवून दुसरा हातात धरून बसला. "मीही जातो तुझ्या त्या काउंटरवर," तो बायकोला म्हणाला. "मागतो एक तास."

"नातेवाईकांना देत नाही," थोरली म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा, तुटक, मध्येच श्वास घेणारा आवाज. बाबांचाच होता. बंद दारातून तो जाड होऊन येत होता. थांबला, पुन्हा आला. चौघेही जिथे होते तिथे राहिले. थोरल्याने बूट खाली ठेवला.

"हसताहेत का?" धाकट्याने कुजबुजत विचारलं.

थोरलीने दाराला कान लावला. थोरल्यानेही लावला. मग तिघांनीही धाकटीकडे बघितलं.

"तू सांग," थोरला म्हणाला. "तू शिकवतेस ना."

धाकटी दाराजवळ आली, डोळे मिटले आणि ऐकू लागली. भिंतीशी टेकवलेल्या पेशंटसारखं तिचं तोंड उघडं होतं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, आणि काही बोलली नाही.